थायरॉइडच्या गाठीला सुई लावतात म्हणजे नेमकं काय करतात

आमच्या गल्लीतल्या मावशींच्या मानेला गाठ आली आहे. कंठाच्या जरा खाली, उजव्या अंगाला, बोराएवढी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक बायकांसारख्या त्याही घरी बिड्या वळतात. दिवसभर मान खाली, त्यामुळे गाठ त्यांच्या आधी त्यांच्या सुनेला दिसली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले, "सुई लावून बघू." मावशी घरी आल्या त्या ठरवूनच आल्या, सुई लावायची नाही. गाठीला डिवचलं की ती पिसाळते, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्यात.

मला त्यांचा राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मीही तिथेच होते आणि हेच सांगणारे दहाजण मलाही भेटले होते. त्यानंतर माझ्या मानेत दोनदा सुई लागली. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण त्या दिवसांत डॉक्टरांना जे जे विचारलं आणि जे वाचलं, ते मावशींना सांगायला बसले तेव्हा कळलं की तोंडी सांगून हे पुरत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझी गाठ अक्कांनी पकडली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. समोर बसून चहा पिताना मध्येच म्हणाल्या, "अगं थांब, परत एक घोट घे बघू." मी घोट घेतला. "काहीतरी वर-खाली होतंय तुझ्या गळ्यात."

डॉक्टर करतात तीच तपासणी अक्कांनी नकळत केली होती. थायरॉइड ग्रंथी (शाळेच्या पुस्तकात हिला अवटू ग्रंथी म्हणतात) श्वासनळीच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी चिकटून बसलेली असते. दोन बाजूंना दोन पंख, मध्ये त्यांना जोडणारी अरुंद पट्टी, सगळं मिळून वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. गिळताना स्वरयंत्र आणि श्वासनळी वर सरकतात, त्यांच्याबरोबर ही ग्रंथी सरकते आणि तिच्यातली गाठही. म्हणूनच डॉक्टर हातात पाण्याचा ग्लास देतात आणि आपल्या मानेकडे बघत राहतात.

अशी गाठ असलेली माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात. जिथे लोकांना आयोडीन पुरेसं मिळतं, तिथे हाताला लागेल एवढी गाठ सुमारे ५ टक्के बायकांना आणि १ टक्का पुरुषांना असते. हाताला न लागणाऱ्या बारीक गाठीही धरल्या तर आकडा कुठल्या कुठे जातो. सरसकट लोकांच्या मानेची सोनोग्राफी केलेल्या निरनिराळ्या अभ्यासांत १९ पासून ६८ टक्क्यांपर्यंत लोकांत काही ना काही सापडलं आहे. वय वाढेल तशा या गाठी वाढत जातात. त्यांतल्या कॅन्सरच्या निघतात त्या साधारण ७ ते १५ टक्के. म्हणजे शंभर गाठी घेतल्या तर पंच्याऐंशी किंवा त्याहून जास्त गाठी साध्या. हा आकडा मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितला असता तर माझ्या त्या महिन्यातल्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

मग रक्ततपासणी. इथे हमखास घोटाळा होतो. टीएसएच नॉर्मल आला की लोक म्हणतात, "थायरॉइड नॉर्मल आहे, मग गाठ कसली?" टीएसएच सांगतो तो ग्रंथीच्या कामाबद्दल. हार्मोन कमी तयार होतंय, जास्त होतंय की बरोबर, एवढंच. गाठीत काय आहे हे तो सांगत नाही. कारखान्यातून रोजच्याइतका माल निघतोय म्हणून आतल्या एखाद्या मागात काही झालेलंच नाही असं म्हणता येत नाही. कॅन्सर असलेल्या बहुतेकांचाही टीएसएच नॉर्मलच असतो.

तरीही ही तपासणी आधी करतात, त्याला कारण आहे. टीएसएच कमी आला तर गाठ स्वतःच जास्तीचं हार्मोन तयार करत असेल, अशी शंका येते. मग किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा डोस देऊन स्कॅन काढतात. त्यात गाठ 'गरम' दिसली, म्हणजे आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा जास्त काम करताना दिसली, तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फारच कमी असते आणि सहसा सुईची गरजच राहत नाही.

आणखी एक. "थायरॉइडची गोळी सुरू कर, गाठ विरघळेल," असा सल्ला मला नात्यातून तीनदा मिळाला. ग्रंथी हार्मोन कमी बनवत असेल तर ती गोळी अगदी योग्य. पण हार्मोन नीट असताना केवळ साधी गाठ जिरवायला ती घेऊ नये, असंच आजचं वैद्यकीय मत आहे. उपयोग थोडा, आणि जास्तीच्या हार्मोनचा त्रास हृदयाला आणि हाडांना.

सोनोग्राफीत काय बघतात

सुई लावायची की नाही, हे ठरतं सोनोग्राफीवर. गाठ भरीव आहे की पाण्याची, हे आधी बघतात. नुसती पाण्याने भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. भरीव आणि पडद्यावर काळपट दिसणारी, कडा ओबडधोबड असलेली, आत चुन्याचे अगदी बारीक पांढरे ठिपके असलेली, आणि आडवी पसरण्याऐवजी उभी वाढलेली गाठ मात्र संशयास्पद. शेजारच्या लसीकाग्रंथी सुजल्यात का, तेही बघतात.

या खुणांना गुण देऊन एक श्रेणी काढतात, तिला टाय-रॅड्स म्हणतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली जी पद्धत बांधून दिली, तीत १ ते ५ अशा पायऱ्या आहेत. पायरी जितकी वरची तितक्या लहान गाठीलाही सुई. तिसऱ्या पायरीच्या गाठीला २.५ सेंटिमीटर झाल्यावर, चौथीच्या गाठीला दीड सेंटिमीटरला, पाचवीच्या गाठीला एका सेंटिमीटरलाच. पहिल्या दोन पायऱ्यांना सुई लागत नाही. माझी गाठ २८ मिलिमीटरची, थोडी भरीव, थोडी पाण्याची, तिसऱ्या पायरीची. म्हणून सुई.

"एवढी मोजमापं कशाला? दिसली गाठ की लावा सुई, काढून टाका," असं आमच्या सासऱ्यांना वाटत होतं. पुष्कळांना वाटतं. याचं उत्तर दक्षिण कोरियाने फार महागात मिळवलं. तिथे १९९९ नंतर कॅन्सर शोधमोहिमेच्या जोडीला लोकांच्या मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. परिणाम असा की २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या नव्या निदानांचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे जे बारीक कॅन्सर माणसाला आयुष्यभरात कधी जाणवलेही नसते, ते हजारोंनी शोधले गेले आणि त्यांच्यापायी निरोगी माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. ग्रंथी पूर्ण काढली की गोळी जन्मभराची. शिवाय आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी अगदी लगत असतात, त्यांना धक्का लागण्याचा धोका वेगळाच.

म्हणून सुई बेतानेच लावतात. आणि जिथे लावतात तिथे तिचा मुख्य उपयोग ऑपरेशन टाळण्यासाठी होतो. ही तपासणी रुळण्याआधी गाठ साधी आहे की नाही, हे कळायला ती कापून काढणं हाच मार्ग होता. मावशींना मी सगळ्यात आधी हेच सांगितलं.

माझी पहिली सुई वाया गेली

बायोप्सी म्हटलं की डोळ्यांसमोर चाकू येतो. थायरॉइडच्या गाठीत बहुतेक वेळा तुकडा कापतच नाहीत. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून घेतात. रिपोर्टवर या तपासणीला एफएनएसी लिहितात. आपल्याकडे 'सुईची तपासणी' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

माझी पहिली सुई एका ठिकाणी नुसत्या हाताने चाचपून लावली. गाठ हाताला लागत होती, त्यामुळे त्यांना सोनोग्राफीची गरज वाटली नाही. सुईत आलं ते तपकिरी पाणी. चार दिवसांनी रिपोर्ट आला, 'निदानासाठी नमुना अपुरा, श्रेणी १'. मला वाटलं, १ म्हणजे काहीतरी सुरुवातीच्या स्टेजचं निघालं. तीन रात्री झोप नव्हती. अक्कांनी शेवटी हात धरून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, याचा अर्थ एवढाच की तपासणी झालीच नाही. चांगलंही कळलं नाही, वाईटही कळलं नाही."

अपुरा म्हणजे काय, त्याचाही हिशेब आहे. स्लाइडवर थायरॉइडच्या पेशींचे किमान सहा पुंजके हवेत आणि प्रत्येक पुंजक्यात नीट दिसणाऱ्या निदान दहा पेशी. तेवढ्या नसल्या तर पॅथॉलॉजिस्ट मत देत नाहीत, आणि देऊ नये हेच बरं. अर्ध्या पाण्याच्या गाठीत पेशी असतात त्या भरीव कडेला. अंदाजाने लावलेली सुई मधल्या पाण्यात गेली की पेशी येणार कुठून? सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी त्या भरीव भागात नेता येते. तेव्हा सुईला जाण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा, "सोनोग्राफीत बघून लावणार ना?" हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना वाईट वाटत नाही. खर्चही तेव्हाच विचारून घ्या, कारण सोनोग्राफीचे, सुईचे आणि पॅथॉलॉजीचे पैसे काही ठिकाणी वेगवेगळे घेतात. आपल्या सिव्हिलमध्येही, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातही, सुईची तपासणी होते.

दुसऱ्या सुईच्या दिवशी

उपाशी जायचं नसतं. मी भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन गेले. रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखं काहीही चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. आपल्या मनाने बंद मात्र करायचं नाही. ज्याला हृदयासाठी ती गोळी लागते, त्याला ती बंद करणं सुईपेक्षा कितीतरी धोक्याचं असू शकतं. मानेचे मणके दुखत असतील तर तेही सांगा, कारण मान मागे टाकून झोपावं लागतं.

मंगळसूत्र, गळ्यातली माळ, कानातले लोंबते झुबे घरीच काढून ठेवलेले बरे. माझं मंगळसूत्र अक्कांनी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि काम होईपर्यंत पर्स मांडीवरून हलू दिली नाही. गळ्याशी सैल असलेले कपडे घाला.

खांद्यांखाली उशी देऊन मला उताणं झोपवलं, त्यामुळे मान पुढे उघडी झाली. गार जेल लावलं. सोनोग्राफीचा प्रोब मानेवर टेकवून डॉक्टरांनी गाठ पडद्यावर धरली, कातडी औषधाने पुसली. भूल देण्याचं इंजेक्शन काहीजण देतात, काहीजण देत नाहीत. त्या म्हणाल्या, "भुलीची सुई आणि ही सुई, टोचणं सारखंच. थेट लावू का?" मी हो म्हटलं.

सुई किती जाड असते, हा मावशींचाही पहिला प्रश्न होता. रक्त काढायला वापरतात त्या सुईएवढी, बहुधा तिच्याहूनही बारीक. २३ ते २७ नंबरची. माझे वडील चादरीच्या मागावर होते, त्यामुळे नंबर मला लगेच उमगला. सुताचा नंबर चढतो तसं सूत बारीक होत जातं, वीस नंबरपेक्षा चाळीस नंबरचं बारीक. सुईचंही तसंच आहे.

टोचताना लागलं, मुंगी चावल्यापेक्षा जास्त आणि दात काढण्यापेक्षा पुष्कळ कमी. त्यानंतर सुई आत बारीक बारीक हलते, ते विचित्र वाटतं. दाब जाणवतो, एकदा कळ कानापर्यंत गेली. या वेळात एकच नियम काटेकोर पाळायचा, गिळायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. गिळलं की गाठ वर सरकते, अक्कांनी पाहिलं होतं तशीच, आणि सुई मात्र जागेवर राहते. प्रत्येक खेपेला हे दहा-वीस सेकंदच चालतं. खोकला येतोय असं वाटलं तर आधीच हात वर करायचा, त्या सुई बाहेर घेतात. आपल्या सोलापुरात हे तीन भाषांत सांगावं लागतं. माझ्या आधी आत गेलेल्या आजींना नर्सताई पुन्हा पुन्हा "मिंगकंडी, मिंगकंडी" म्हणत होत्या. मिंगकंडी म्हणजे तेलुगूत 'गिळू नका'.

गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून नमुना यावा म्हणून दोन-तीन वेळा टोचतात, कधी जास्त. मला तीनदा टोचलं. बऱ्याचदा सिरिंजने ओढतही नाहीत, सुई हलवली की पेशी आपोआप तिच्या पोकळीत चढतात. शेवटी कापसाने पाच-दहा मिनिटं दाबून धरायला सांगतात. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत अर्धा तासही लागला नाही. संध्याकाळी मान थोडी ठणकली, रुमालात बर्फ गुंडाळून शेकलं, दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा निळा डाग होता. एवढंच. मानेला सूज भराभर वाढायला लागली, श्वास अडकल्यासारखा झाला किंवा ताप आला, तर मात्र वेळ न घालवता परत जायचं. असं क्वचित होतं, पण माहीत असावं.

आता पिसाळण्याबद्दल

हा समज वेडगळ नाही, त्याला मुळं आहेत. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी गाठीतून सुईने पेशी काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा ते १८ नंबरची सुई वापरत. म्हणजे चांगलीच जाड. सुईच्या वाटेवर पेशी सांडतील, ही भीती तेव्हा खुद्द डॉक्टरांनाही होती. पुढे १९५० च्या दशकात स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बारीक सुई रूढ केली. तेव्हापासून जगभर असंख्य लोकांच्या थायरॉइडमध्ये ही सुई लागली आहे, आणि तिच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या नोंदी अतिशय विरळ आहेत. साध्या गाठीचा सुईमुळे कॅन्सर होत नाही.

मग 'अमक्याला सुई लावली आणि तो गेला' ही गोष्ट प्रत्येक गल्लीत का असते? मला वाटतं, ज्याची गाठ आधीच वाईट होती, तो घाबरून उशिरा गेला. सुई लागली तोवर आजार पुढे सरकला होता. तब्येत नंतर ढासळली आणि लोकांच्या लक्षात सुई राहिली. त्याआधीचं वाया गेलेलं वर्ष कुणी मोजलं नाही.

ज्यांची गाठ आठवड्या-महिन्यात भराभर वाढतेय, आवाज घोगरा झालाय, घास अडकतोय, मानेत बाजूला आणखी गाठी लागताहेत, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता, त्यांनी तर हे वाचून होताच डॉक्टर गाठावेत.

सूत आणि वीण

काढलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीने पसरतात. काही पट्ट्या हवेत वाळवतात, काही अल्कोहोलमध्ये बुडवतात, मग रंग देतात, कारण बिनरंगाच्या पेशीत फारसं काही दिसत नाही. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे आकार, त्यांची मांडणी आणि विशेषतः पेशीच्या आतला केंद्रक बघतात. साध्या गाठीत थायरॉइडचा चिकट द्रव भरपूर आणि पेशी एकसारख्या असतात. पॅपिलरी नावाच्या कॅन्सरमध्ये, जो थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो, केंद्रक मोठे, फिकट, मध्ये चुणी पडलेले दिसतात. ही खूण इतकी ठळक असते की त्याचं निदान सुईवरही भरवशाने होतं.

पण सुईला मर्यादा आहे आणि ती समजली की रिपोर्ट वाचताना गोंधळ होत नाही. माझे वडील चादरीतून निघालेला धागा बोटांत चोळून सूत कुठल्या नंबरचं, रंग पक्का की कच्चा, हे सांगायचे. पण त्या धाग्यावरून चादरीवर मोर विणलाय की चौकडी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यासाठी चादर उलगडावी लागते. सुई धागे आणून देते, वीण आणत नाही.

याचा सगळ्यात मोठा अडथळा फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत येतो. ही गाठ साधी असली काय आणि कॅन्सरची असली काय, पेशी सारख्याच दिसतात. फरक एकाच गोष्टीत असतो, गाठीभोवतीचं कवच किंवा रक्तवाहिनीची भिंत पेशींनी फोडली आहे का. सांगोल्याचं डाळिंब घ्या. सुईने चार दाणे काढले तर दाण्यांचा रंग कळेल, साल आतून कुठे तडकलीय का ते कळणार नाही. ते कळायला गाठ अख्खी बाहेर काढून तिचं कवच सगळीकडून तपासावं लागतं.

रिपोर्टवर शेवटी एक नंबर येतो, १ ते ६. ही बेथेस्डा पद्धत. बेथेस्डा हे अमेरिकेतल्या एका गावाचं नाव. तिथे २००७ साली जमलेल्या तज्ज्ञांनी ही भाषा ठरवली आणि २०२३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. हा नंबर म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. स्टेज वेगळी, ती फार पुढची गोष्ट. हा नंबर फक्त शक्यता सांगतो.

१ म्हणजे नमुना अपुरा, पुन्हा सुई. २ म्हणजे साधी गाठ. यातही पुढे कॅन्सर निघण्याची शक्यता सुमारे ४ टक्के उरते, म्हणून सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. ५ म्हणजे दाट संशय, शक्यता सुमारे ७४ टक्के. ६ म्हणजे कॅन्सर, ९७ टक्के किंवा जास्त.

अवघड आहेत ते मधले दोन. ३ मध्ये पेशी पूर्ण साध्याही वाटत नाहीत आणि वाईटही म्हणता येत नाहीत. शक्यता सरासरी २२ टक्के. इथे बहुधा पुन्हा सुई लावतात. काही मोठ्या प्रयोगशाळांत पेशींची जनुकीय तपासणी होते, पण ती महाग असते. सोनोग्राफीतल्या खुणा संशयास्पद असतील तर ग्रंथीची ती बाजू काढायचा सल्लाही मिळतो. ४ म्हणजे वर सांगितलेली फॉलिक्युलर गाठ, शक्यता सरासरी ३० टक्के. यात अनेकदा अर्धी ग्रंथी काढावी लागते, आणि काढल्यावर दहांतल्या सातांना समजतं की गाठ साधीच होती. "मग उगाच कापलं," असं तेव्हा घरचे म्हणतात. उगाच नाही. ते कळायला दुसरी वाटच नव्हती. ऑपरेशनच्या आधीच हे घरात बोलून घेतलं तर नंतर डॉक्टरांशी आणि एकमेकांशी भांडण होत नाही. ३ किंवा ४ आला तर स्लाइड मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायलाही हरकत नसते. स्लाइड जपून ठेवा, नुसता कागद पुरत नाही.

आणि ६ आला तर? आमच्या घरात 'बार्शीला दाखवा' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण तिथे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. पण पॅपिलरी कॅन्सर सहसा हळू वाढतो, आणि वेळेवर उपचार झालेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त आहे. जपानमधल्या कोबे शहराच्या कुमा हॉस्पिटलमध्ये तर १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतचे, इतर धोका नसलेले पॅपिलरी कॅन्सर ऑपरेशन न करता नुसते नजरेखाली ठेवायला सुरुवात झाली आणि त्यातल्या बहुतेकांना वर्षानुवर्षं काही झालं नाही. हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा, आपण मनाने नाही. पण रिपोर्ट हातात आल्यावर रातोरात पुण्याला पळायची गरज नसते, दोन-चार दिवस विचार करायला वेळ असतो, एवढं यावरून नक्की कळतं.

माझा दुसरा रिपोर्ट २ आला. त्यानंतर एकदा सोनोग्राफी झाली, गाठ २८ ची २९ मिलिमीटर. एका मिलिमीटरला वाढ म्हणत नाहीत. निदान दोन बाजूंनी २० टक्के आणि किमान २ मिलिमीटर वाढली तरच ती वाढ धरतात. प्रोब धरण्याच्या हातानेही एवढा फरक पडतो. जुन्या फिल्म घेऊन गेले होते म्हणून शेजारी ठेवून तुलना करता आली.

हे सगळं मी काल मावशींच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्या बिड्या वळत ऐकत होत्या. मी कॅन्सरबद्दल, टक्क्यांबद्दल बोलत होते, आणि त्यांनी शेवटी विचारलं ते वेगळंच होतं. त्यांना पैसे हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळतात. सुई लागली तर किती दिवस बसता येणार नाही?

त्याच दिवशी बसता येतं, मी म्हणाले, पण मान खाली घालून बसायचं असतं, तेवढा एक दिवस सोडा. दुसऱ्या दिवसापासून वळा. त्यांनी हातातली बिडी दोऱ्याने बांधली, सुपात ठेवली आणि सुनेला हाक मारून सोमवारी कारखान्यात माल कोण पोचवेल ते विचारलं.